दुस्याला गवत पुरेल का

आमच्या शिकूनच्या मागच्या मोकळ्या जागेत यंदाही गवत कमरेला आलं आहे. शिकून म्हणजे सरकारनं बांधलेली चाळच, फक्त भांडणं हिब्रूत. हिवाळी पाऊस संपत आला की इस्रायलमधल्या आमच्या रामल्यात जिथं जिथं डांबर नाही तिथं गवत उगवतं, आणि वाळवंटाकडचा गरम वारा सुटला की आठवड्याभरात त्याचं काड होऊन जातं. मधल्या दिवसांत माझ्या नवऱ्याला शिंका येतात, नगरपालिकेचा ट्रॅक्टर येतो, आणि मी बाल्कनीत चहा पीत एकच हिशेब करत बसते, की एवढं गवत एका डुकरिणीला पुरेल का.

ज्यू बाईनं डोक्यात घ्यावा असा हा प्रश्न नव्हे, हे मला कळतं. बेने इस्रायल बाईनं तर नव्हेच. आमचे वाडवडील रेवदंड्याकडे तेलाचा घाणा चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणायचं. त्या घरात डुकराचं नाव निघालं तर बायका चूळ भरायच्या. पण माणसाला आठवण काढायचं कुठलं निमित्त मिळेल हे त्याच्या हातात नसतं. कुणाला मोगऱ्याचा वास आला की माहेर आठवतं. मला कापलेल्या गवताचा वास आला की दुस्या आठवते, आणि तिच्यामागून विळा घेऊन येणारे आमचे पप्पा.

दुस्या ही खालच्या मजल्यावरच्या बोरिसची. नव्वदच्या दशकात रशियाकडून माणसांचा लोंढा आला, त्यात तो आला. तिकडे तो दातांच्या कवळ्या बनवायचा, इकडे संत्र्यांच्या पेट्या भरायचा. बायको इथं आल्यावर वर्षातच गेली. मुलीनं बापाला एकटं वाटू नये म्हणून कुठूनशी एक काळं, बुटकं, जमिनीला पोट टेकणारं डुकराचं पिलू आणून दिलं. या देशात डुक्कर पाळायला कायद्यानं बंदी आहे. पण कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात मांडीवर बसणारं डुक्कर असेल असं वाटत नाही, आणि विचारायला कुणी गेलंही नाही. बोरिसच्या दाराबाहेर पत्र्यानं आडोसा केलेलं एक अंगण होतं. त्यात ती राहायची. आम्ही बरोबर वरच्या मजल्यावर. पप्पा जिना उतरताना त्या बाजूला बघायचे नाहीत. दोन वर्षं ते भिंतीकडे बघून जिना उतरले.

वरच्या मोरोक्कन बाई एकदा जिन्यात पप्पांना म्हणाल्या, हा बोरिस ज्यू तरी आहे का, कागद बघायला हवेत. पप्पा एरवी बायकांशी वाद घालत नाहीत. त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. आम्ही मुंबईहून आलो तेव्हा आमच्या लोकांनाही हेच विचारलं गेलं होतं, की तुम्ही खरे ज्यू का, आजी कोण, पणजी कोण. पप्पांचं लग्न नव्हे, त्यांच्या आईबापांचं लग्नसुद्धा तपासायला निघाले होते लोक. ते पप्पांच्या मनात काट्यासारखं राहून गेलं होतं. ‘माणूस सांगतो मी ज्यू, तर तो ज्यू,’ ते बाईंना म्हणाले. ‘डुक्कर काय सांगत नाय, तर ते डुक्कर.’

मग पुरीमच्या सणाच्या सुमाराला बोरिसला छातीत कळ आली. भर सकाळी अँब्युलन्स आली, त्याला स्ट्रेचरवरून नेत होते, आणि पप्पा ब्रेड घेऊन येत होते. बोरिसनं त्यांचा हात धरला. म्हणाला, ‘दुस्या.’ तेवढंच. पप्पा म्हणाले, ‘बेसेदेर.’ बेसेदेर म्हणजे ठीक आहे. या देशात माणूस हा शब्द आधी उच्चारतो आणि विचार मागाहून करतो. पप्पांनी मात्र तो शब्द मुंबईच्या हिशेबानं उच्चारला होता, म्हणजे शब्द दिला होता. बोरिस परत येईल तेव्हा त्याचं जनावर जसं होतं तसं त्याच्या हवाली करायचं. ब्रेडची पिशवी तशीच हातात धरून ते अंगणाच्या फाटकाशी उभे राहिले. दुस्यानं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

संध्याकाळी घरात सभा भरली. म्हणजे पप्पा, आई आणि मी. मी तेव्हा सरकारी दवाखान्यात कारकून होते आणि लग्न व्हायचं होतं, त्यामुळे घरातल्या सगळ्या सभांना हजर असायचे.

आई म्हणाली, ‘माझ्या किचनमधलं एक भांडं पण त्या जनावराला लागणार नाय. मांसाची वेगळी, दुधाची वेगळी, सणाची वेगळी. आता ह्याची चौथी कुठं ठेवू? डोक्यावर?’

‘भांडं मागतंय कोण?’ पप्पा म्हणाले. ‘तिला गवत घालू. बोरिसला मी एकदा विचारलंवतं. बोलला, सगळं खाते, गवतसुद्धा खाते.’

‘सुद्धा बोलला ना?’ मी म्हटलं.

‘मग तेच तर,’ पप्पा म्हणाले.

‘सुद्धा’ त्यांनी तिथंच सोडून दिलं आणि गवत उचललं. त्यांचा युक्तिवाद मला आजही मुखपाठ आहे. चुलीवरचं अन्न माणसाचं. त्याला भांडं लागतं, आशीर्वाद लागतो. गवत कुणी रांधत नाही, कुणाला विचारून ते उगवत नाही, त्यामुळे ते कुणीही खावं. शिवाय पप्पांना जनावर म्हणजे एकच ठाऊक होतं, त्यांच्या आजोबांच्या घाण्याचा बैल. बैलाला सकाळी गवत, दुपारी पाणी, रात्री मूठभर पेंड, शनिवारी सुट्टी. दुस्यालाही तेच. पेंड मिळेना, म्हणून पेंड वगळली. बाकी तिची बैल म्हणून नेमणूक झाली.

विळा आणायला ते रामल्याच्या बाजारात गेले, मी सोबत. लोखंडी सामानाचा दुकानदार म्हातारा अरब होता. विळ्याला धार लावता लावता त्यानं आपुलकीनं विचारलं, बकऱ्या पाळल्यात का. पप्पा आयुष्यात खोटं बोलले नाहीत, याचा घरात आम्हाला फार त्रास होता. ते विळ्याकडे बघत म्हणाले, ‘चार पायांचं आहे.’ म्हाताऱ्यानं सल्ला दिला की गवतावर भिस्त ठेवू नका, थोडे जव घाला. पप्पांनी मान हलवली आणि घरी येताना मला म्हणाले, ‘ते बकऱ्यांसाठी झालं.’

त्या दिवसांतलं मला सगळ्यात लख्ख आठवतं ते गवतच. ओलं, गार, टाचेखाली किचकिचणारं. पिवळी मोहरी, पांढरी रानफुलं, पानापानावर शंख घेऊन बसलेल्या गोगलगायी, आणि संत्र्याच्या बागांकडून येणारा मोहराचा वास, एवढा गोड की डोक्यात चढावा. पप्पा फॅक्टरीची जुनी निळी पँट चढवून खाली बसून गवत कापायचे. विमानाच्या कारखान्यात सगळी उमर पत्रे कापण्यात गेली होती. गवतसुद्धा ते कडेनं सरळ रेषेत कापायचे. दुस्या आधी त्यातल्या खुबेझाची पानं निवडून खायची. खुबेझा ही रानभाजी. आई तिची अंबाडीसारखी भाजी करायची, लसूण घालून. त्यामुळे आई आणि दुस्या यांच्यात त्या वर्षी भाजीवरून चुरस होती, आणि दुस्या लवकर उठायची.

भाजी संपली की ती उरलेल्या भाऱ्याला नाकानं ढोसायची, थोडं चघळायची, आणि मग गवत बाजूला सारून खालची माती उकरायला लागायची. ‘खेळते,’ पप्पा म्हणायचे.

खरी पंचाईत शनिवारी झाली. शब्बाथला काही कापायचं नाही, झाडाची डहाळी मोडायची नाही. म्हणून पप्पांनी शुक्रवारी दुपारी दुप्पट गवत कापून पोत्यात भरून ठेवलं. सकाळपर्यंत ते पोत्यात गरम होऊन त्याला आंबूस वास मारायला लागला. दुस्यानं त्याला तोंड लावलं नाही. पप्पा प्रार्थनेला गेले आणि इकडे तिनं जो सूर लावला, तो पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांनी ऐकला. भुकेलं डुक्कर ओरडतं तेव्हा कुणीतरी माणसाचा खून करतंय असं वाटतं. मोरोक्कन बाई वरून हिब्रूत ओरडल्या. समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या.

आई स्वयंपाकघरातून बाल्कनीत आली. हातात आदल्या रात्रीची तांदळाची भाकरी. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि भाकरी खाली सोडली. ती दुस्याच्या पुढ्यात सपाट पडली. सूर थांबला. आईनं हात झटकले आणि मला म्हणाली, ‘वरून पडलं तर भांड्याचा प्रश्न येत नाय.’

हा तिचा स्वतःचा धर्मशास्त्राचा निकाल होता, आणि तो तिनं पुढे रोज पाळला. पप्पा दुपारची झोप घेत असताना आई बाल्कनीत जायची. भाकरी, कालवणातला भात मूठ मूठ, उकडलेले बटाटे. सगळं हवेतून. पेसाखच्या सणात पाव-पीठ घरातून हद्दपार होतं, पण आम्ही तांदूळ खातो, त्यामुळे दुस्याचा सणही व्यवस्थित पार पडला. पावाचा कण तिच्या पोटात गेला नाही. रामल्यातल्या अर्ध्या जनतेला असं म्हणता आलं नसतं.

दुस्या भरली. पाठ गुळगुळीत झाली, कातडी चकाकायला लागली. पप्पांना बोरिसला परत द्यायचं होतं त्याहून बरं जनावर तयार होत होतं, आणि ते सगळं श्रेय गवताला देत होते. दुपारी उठून खाली गेले की त्यांना दुस्या अंगणाच्या मध्यावर उभी दिसायची, मान जेवढी वर होते तेवढी वर करून. ‘बघ, कशी वर बघते,’ ते मला म्हणायचे. ‘खाल्ल्यावर आभार मानते. आपल्यात पण किती जण विसरतात.’ आई आत भांडी आवरत असायची. तिनं कधी तोंडातून शब्द काढला नाही, आणि मीही काढला नाही. पप्पांना सुखी बघणं आम्हा दोघींना आवडायचं.

पुढे पप्पांनी ही विद्या प्रार्थनामंदिरात नेली. प्रार्थनेनंतर चहा व्हायचा, तेव्हा ते सहज विषय काढल्यासारखं म्हणायचे, की काही झालं तरी गवतावर डुक्कर चांगलं अंग धरतं. जणू हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यांच्याकडे डुक्कर आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आमच्या लोकांत सभ्यपणा पुष्कळ. फक्त शालोम अंकल, त्यांचे फॅक्टरीतले जुने दोस्त, यांना राहवायचं नाही.

‘गवतावर गाय अंग धरते, सॅम्युएल. डुक्कर नाय. आमच्या गावात रानडुक्कर यायचं तर बांधावरचं गवत सोडून भातात घुसायचं.’

‘आणि भात काय आहे?’ पप्पा म्हणाले. ‘भात गवतच आहे. गहू गवत, मका गवत.’

‘मग तू पण गवत खातोस.’

‘खातोच. रोज खातो.’

घरी आल्यावर पप्पांनी हा संवाद आईला अभिनयासकट करून दाखवला. आईनं शांतपणे आणखी एक भाकरी थापली.

आता विचार करते तेव्हा वाटतं, ते दोघं सगळा संसार असाच करत आले. पप्पा नियम करायचे, आई त्याला कुठंतरी एक बाल्कनी शोधून काढायची. नियमही टिकायचा आणि कुणी उपाशीही राहायचं नाही. मला माझ्या संसारात हे जमलं नाही. मी आणि माझा नवरा दोघंही नियमच करतो.

सण उलटला आणि किर्यात मलाखीहून मावशीचा फोन आला. तिच्या सुनेला वेळेआधीच कळा सुरू झाल्या होत्या. आई हातातलं पीठ धुऊन तशीच बसला गेली. बाल्कनीचं काय, हे सांगायला तिला सवड झाली नाही, आणि पप्पांसमोर सांगणार तरी काय. मी दिवसभर दवाखान्यात. त्याच आठवड्यात गरम वारा सुटला. आकाश मातकट झालं आणि मागचं गवत बघता बघता पिवळं पडलं.

दुस्यानं खाणं सोडलं. आधी ती ओरडली, मग ओरडायचंही सोडलं. दुपारी अंगणाच्या मध्यावर जाऊन वर बघत उभी राहायची, मग तिथंच बसायची. पप्पांनी ठरवलं की रामल्याच्या गवतातला रस गेला. ते बसनं शेजारच्या लोद गावाला गेले आणि पाण्याच्या पाटाकडेनं हिरवं गवत पोतंभर कापून आणलं. ड्रायव्हरनं पोत्याचं वेगळं तिकीट मागितलं, ते त्यांनी दिलं. दुस्यानं लोदच्या गवताचा वास घेतला आणि डोळे मिटले.

इस्पितळातून कळलं की बोरिसच्या छातीवरच्या ऑपरेशनच्या जखमेत पू झाला आहे, पुन्हा उघडावी लागणार. शुद्धीवर आला की दुस्याचं विचारतो, असंही त्याची मुलगी म्हणाली. पप्पांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी पप्पांना पैशासाठी, नोकरीसाठी, कशासाठीही इतकं हवालदिल झालेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी शब्द दिला होता, आणि शब्द अंगणात आडवा पडला होता.

मी बाल्कनीत वाळलेले कपडे काढायला गेले तेव्हा ते खाली दुस्याशेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी खिशातला रुमाल काढून डोक्यावर घातला. मला वाटलं उन्हासाठी. मग त्यांचे ओठ हलताना दिसले. आमच्यात अडचणीत माणूस एलियाहू हान्नाबीला नवस बोलतो. पैगंबर एलियाहूला, जो कोकणात येऊन गेला असं आमचे लोक मानतात. काम झालं की मलिदा करायचा, गोड पोह्यांचा प्रसाद. पोराच्या तापासाठी, मुलीच्या लग्नासाठी, व्हिसासाठी नवस मी ऐकले होते. डुकरिणीसाठी पैगंबराला साकडं घालणारा माणूस आमच्या जमातीत दुसरा झाला नसावा. ‘वाचव हिला,’ एवढं मला स्पष्ट ऐकू आलं. मी कपडे तसेच ठेवून आत गेले आणि जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला.

फोनची वायर बाल्कनीपर्यंत पोचायची. मी कठड्याला टेकून डॉक्टर बोलेल ते मराठीत खाली ओरडत होते. डॉक्टरनं विचारलं, काय घालता. मी म्हटलं, गवत. आणि? आणि काही नाही.

‘तो बोलतो, कोवळं गवत ठीक, आवडीनं खातील. पण जेवण म्हणून नाय चालत. गाईला जे जमतं ते डुकराला जमत नाय. पोट एकच, आपल्यासारखं. रवंथ करत नाय ती.’

पप्पा खालून म्हणाले, ‘रवंथ करत नाय हे तो मला सांगतो?’ गेल्याच शनिवारी त्यांनी स्वतः प्रार्थनेत धर्मग्रंथातला तो भाग वाचला होता; दरवर्षी त्याच दिवसांत तो येतो. खूर दुभंगलेला, पण रवंथ करत नाही, म्हणून निषिद्ध. लहानपणापासून ते वाक्य त्यांनी डुकरावरचा आरोप म्हणून वाचलं होतं. ‘रवंथ करता येत नाय बिचारीला,’ ते हळू म्हणाले. ‘आणि मी गवत घालतो.’

‘डॉक्टर बोलतो, नुसत्या गवतावर एवढे दिवस अशी धष्टपुष्ट राहणार नाय. कुणीतरी दुसरं घालत असणार.’

हे मी भाषांतर करण्याच्या नादात ओरडून गेले. तेवढ्यात बाल्कनीत कुणीतरी उभं आहे हे दुस्याला जाणवलं. ती कष्टानं पुढचे पाय रोवून उठली, अंगणाच्या मध्यावर आली, आणि मान वर करून माझ्या हातांकडे बघायला लागली. पप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग ती जिथं बघत होती तिथं पाहिलं.

ते वर आले. माळ्यावरून त्यांनी आपला फॅक्टरीचा जेवणाचा डबा काढला, मुंबईहून आणलेला. तो आता कुठल्याच भांड्यात मोडत नव्हता. त्यात त्यांनी स्वतः तांदळाची पेज केली, मीठ घातलं, फुंकून गार केली, आणि खाली घेऊन गेले. दुस्यानं डबा भिंतीपर्यंत ढकलत नेऊन चाटला. आई परत आली तेव्हा ओट्यावर डबा पालथा वाळत होता. तिनं डब्याकडे पाहिलं, पप्पांकडे पाहिलं.

‘तांदूळ पण गवतच,’ पप्पा म्हणाले.

‘मी कुठं काय बोलले?’ आई म्हणाली आणि बाळाच्या बारशाचं सांगायला लागली.

बोरिस घरी आला तो काठीवर, निम्मा होऊन. दुस्यानं त्याला ओळखलं आणि ती त्याच्या पायांत अशी काही घुसली की त्याच्या मुलीला दोघांना धरावं लागलं. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत पप्पांना त्याच्या मोडक्या हिब्रूत म्हणाला, ‘छान ठेवलीस. काय दिलंस?’ पप्पा त्यांच्या मोडक्या हिब्रूत म्हणाले, ‘गवत. शिजवून.’

पुढच्या गुरुवारी आमच्याकडे मलिदा झाला. भिजवलेल्या पोह्यांत नारळ, साखर, वेलची, वर फळांचे काप आणि खजूर, कडेला गुलाब. शालोम अंकल आले, मंदिरातली माणसं आली. बोरिसला मुलीनं हाताला धरून वर आणलं. गाणी झाली, आशीर्वाद झाले, आई ताटल्या फिरवायला लागली. बोरिसनं हळूच मला विचारलं, हे कशासाठी. मी काही बोलायच्या आत शालोम अंकलनी सांगून टाकलं, ‘नवस होता. आजारातून कुणी उठावं म्हणून.’

बोरिस ताटली मांडीवर घेऊन बसून राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाला, माझ्यासाठी आजवर कुणी देवाकडे काही मागितलं नव्हतं. आमच्या घरात तर देवच नव्हता.

मी पप्पांकडे पाहिलं. खोटं न बोलणारा माणूस भरल्या खोलीत आता काय सांगणार, या धास्तीनं आईच्या हातातली ताटली थांबली होती. पप्पांनी बोरिसच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘खा.’

माणसं गेल्यावर मी त्यांना गाठलं. ‘पप्पा, मी ऐकलंवतं बाल्कनीतून. तुम्ही दुस्यासाठी मागितलं.’

ते गुलाबाच्या पाकळ्या गोळा करत होते.

‘तू अर्धंच ऐकलंस बाय,’ ते म्हणाले. ‘मी बोललो, तो दारात येऊन तिला हाक मारेल तेव्हा ती उठून उभी राहिली पाहिजे. वाचव हिला. तो दारात येईल, हे त्यातच आलं की नाय?’